टाचणी सापडली का तिला?

आज दुपारी एका ओळखीच्यांकडे जेवायला गेले होते. पुरणपोळी उत्तम झाली होती, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या संतापाचा यजमानीणबाईंशी काही संबंध नाही हे कळेल.

जेवताना सहज म्हटलं, शुक्रवारी ब्लूमिंग्टनला विद्यापीठात ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक आहे, कुणी येतंय का? समोरचे गृहस्थ कटाची आमटी भुरकत म्हणाले, "ते विद्यार्थ्यांचं ना? शिकाऊ पोरांचं गाणं ऐकायला ६०-७० मैल कोण जाणार? त्यापेक्षा यूट्यूबवर पावरोटी लावतो." (ऑपेराचा नामवंत गायक पाव्हारॉटी, त्याला पावरोटीच म्हणाले. मी सुधारलं नाही.) सगळे हसले. मीपण हसले, आणि आता त्याचाच जास्त राग येतोय.

अहो, गेल्या वर्षी तुमच्या लेकीच्या भरतनाट्यमच्या अरंगेत्रमला आम्ही सगळे तीन तास बसलो होतो ना? ती काय शिकून बाहेर पडलेली होती? तेव्हा "नक्की यायचं हं" असे चार-चार मेसेज आले होते. आपली ती कला, दुसऱ्याची ती शिकाऊ पोरं.

असो. म्हणजे असो म्हणतेय, पण असो नाहीये.

माझी आई काही वर्षांपूर्वी इथे आली होती. तेव्हा ७८ वर्षांची. सांगलीची. कॉलेजच्या गॅदरिंगला ‘शारदा’ नाटकात शारदेच्या मैत्रिणींच्या घोळक्यात मागे उभी होती, आणि तेवढ्या भांडवलावर आजवर प्रत्येक गाणाऱ्याला नावं ठेवत आली आहे. तिला मी इंडियाना विद्यापीठात मोझार्टचा ‘फिगारो’ हा ऑपेरा बघायला नेलं. १९७२ सालचं थिएटर, १४००हून जास्त खुर्च्या. पडदा उघडून दहा मिनिटं झाली नाहीत तर आई माझ्या कानाशी, "माइक कुठे लावलेत गं?" म्हटलं, नाहीत. "उगाच काहीतरी सांगू नकोस." मध्यंतरात काठी टेकत खालपर्यंत गेली आणि वादकांच्या खड्ड्यात वाकून बघून आली. माइक नव्हते. विशीतली दोन-तीन पोरं तेवढी व्हायोलिन मांडीवर घेऊन बसली होती. परत येऊन म्हणाली, "आपल्याकडे माइक आला आणि गळे घरी बसले." मी वाद घातला नाही. तिच्याशी घालून उपयोग नसतो.

हो, मान्य आहे. एखाद्याचा वरचा सूर घसरतो. गोष्टी बऱ्याचदा बाष्कळ असतात. रंगमंचाच्या वर दिसणारं भाषांतर वाचून मान आखडते. झालं मान्य करून.

पण ही पोरं करतात काय ते जरा बघा की! एका ऑपेराला गायकांचे दोन-दोन संच बसवतात. आज नायिका झालेली मुलगी उद्या प्रेक्षकांत बसून दुसरीचं ऐकते. वादक विद्यार्थी, कोरस विद्यार्थी. ऑपेराचा गळा तिशीपर्यंत पुरता पिकत नाही म्हणतात, मग तोवर त्यांनी काय बाथरूममध्ये गायचं? याच विद्यापीठात १९४९पासून कितीतरी वर्षं वाग्नरचा ‘पार्सिफाल’ दरसाल व्हायचा. चार-साडेचार तासांचा! कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीतशाळा, हा शब्दच मुळी नेपल्सच्या अनाथाश्रमांतून आलाय. तिथे पोरं सांभाळायचे आणि त्यांना गाणं शिकवायचे. पर्सेल या इंग्रज संगीतकाराच्या ‘डायडो’ ऑपेराचा सगळ्यात जुना माहीत असलेला प्रयोग १६८९च्या सुमारास झाला, तो चेल्सीतल्या मुलींच्या शाळेत. शिकाऊ म्हणे.

बरं, ‘फिगारो’कडे येते. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला अंधारी बाग असते. बार्बारिना नावाची माळ्याची पोर हातात कंदील घेऊन हरवलेली टाचणी शोधत असते. एवढंच. दीड-दोन मिनिटांचं गाणं, आणि तेही पुरं होत नाही, मधेच नायक फिगारो येतो. त्या दिवशी जी मुलगी ते गात होती ती २२-२३ची असेल. पहिल्या ओळीला आवाज थरथरला. भूमिकेतला थरथराट की घाबरून, कळलं नाही. पण त्या अख्ख्या थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि माझी आई, जिने जन्मात कुणाला बरं म्हटलेलं नाही, ती पदराने डोळे टिपत होती. घरी येताना गाडीत पाऊण तास गप्प. मग एकदम, "टाचणी सापडली का गं तिला?"

१७८६ साली व्हिएन्नात पहिल्या प्रयोगात ही भूमिका कुणी केली होती माहितीये? आना गॉटलीब, वय वर्षं १२. पाच वर्षांनी मोझार्टच्याच ‘मॅजिक फ्लूट’मध्ये ती पामिना झाली, म्हणजे थेट नायिका. १२व्या वर्षी तिला ऐकायला लोक बसले होते म्हणूनच ना? त्या वेळी कुणी म्हणालं असतं, पोरटी आहे, घरी जाऊ या, तर?

लिहिता लिहिता थोडी शांत झालेय, म्हणून हेही लिहिते. पुण्यात होते तेव्हा भरत नाट्य मंदिरावरून रोज जायचे. ‘सौभद्र’ची पाटी लागलेली दिसायची. आई फोनवर विचारायची, जाऊन आलीस का? मी म्हणायचे, कोण नवीन मंडळी आहेत गं, त्यापेक्षा घरी रेकॉर्डी आहेत की बालगंधर्वांच्या. एकदाही गेले नाही. सात वर्षांत एकदाही नाही. तेव्हा त्या गृहस्थांना फार बोलायचा मला अधिकार नाही. (तरी पण कटाची आमटी भुरकत बोलायला नको होतं.)

आई अजूनही फोनवर मधूनच विचारते, ती टाचणीवाली आता कुठे गाते? मला माहीत नाही. कोरसात असेल कुठेतरी, किंवा शाळेत मुलांना शिकवत असेल, किंवा गाणं सोडलंही असेल. मी आईला सांगते, जर्मनीला गेली, मोठी झाली. आईला बरं वाटतं.

शुक्रवारी साडेपाचला कारमेलहून निघतेय. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. थिएटरात एसी भयंकर असतो, शाल आणा. पुरणपोळ्या उरल्या असतील तर त्याही आणा.