फॅलेनॉप्सिस दुसऱ्यांदा फुलते : सांगलीच्या वाचक ताईंना उत्तर

ताई, फॅलेनॉप्सिस या ऑर्किडबद्दलची तुमची प्रतिक्रिया आधी इथे थोडक्यात देते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही लिहिलंय : ‘फॅलेनॉप्सिस घरात पुन्हा फुलते असं सांगून तुम्ही लोकांना खर्चात पाडताय. मी रोज पाणी घातलं, भरपूर खत घातलं, तरी फुलं गळल्यावर नुसती पानं राहिली. वर थंडीत गॅलरीत ठेवा म्हणता, असलं नाजूक रोप त्यात मरेल. साताऱ्याचं सांगलीला चालत नाही. त्यापेक्षा कासच्या बाजूला झाडांवर आपली आमरी (रानातलं ऑर्किड) फुकट मिळते, ती आणून बांधावी.’

पैसे गेल्याचा आणि रोप हातचं गेल्याचा राग मला पूर्ण समजतो. पण हे रोप दुसऱ्यांदा फुलत नाही, हे मला मान्य नाही. ते फुलतं. तिसऱ्यांदाही फुलतं, वर्षानुवर्षं फुलतं. आपल्या घरांत त्याला एकच गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे रात्रीचा गारवा.

आपण ते कुठे ठेवतो बघा. हॉलमध्ये, टीपॉयवर, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. तिथे दिवस आणि रात्र सारखीच उबदार. तापमान सतत 28 अंशांच्या वर राहिलं की फॅलेनॉप्सिस एकामागून एक पानं काढत राहते, फुलांचा दांडा काढत नाही. दिवसा साधारण 25 आणि रात्री 18 अंशांच्या आसपास, असे काही आठवडे मिळाले की मग पानाच्या बेचक्यातून दांडा फुटतो. तुम्ही सांगलीच्या, तेव्हा द्राक्षाचं सांगते. तासगावकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होतात आणि डोळ्यांना दिसतात ते ऑक्टोबर छाटणीनंतर. इथेही फुलं ठरतात थंडीत आणि उमलतात नंतर. दिवाळी झाली की रात्री गार व्हायला लागतात, डिसेंबरच्या आसपास दांडा दिसतो आणि फुलं येतात होळी-पाडव्याच्या सुमारास. मधल्या दोन-तीन महिन्यांत रोप काहीच करत नाहीये असं वाटून लोक जास्त खत घालतात. खताने पानं वाढतात, दांडा थंडीनेच येतो.

आता गॅलरीचं. उघड्यावर टाका असं माझं म्हणणं नाही. पूर्वेची गॅलरी, ऊन येईल ते फक्त सकाळचं कोवळं, आणि वारा थेट लागणार नाही असा कोपरा. तुळशीच्या लग्नापासून रोप रात्रीही तिथेच राहू द्यायचं. पारा 15 च्या खाली उतरायला लागला की आत, खिडकीजवळ. साताऱ्यात ती वेळ लवकर येते, तुमच्याकडे उशिरा, म्हणजे या बाबतीत सांगलीला उलट जास्त दिवस मिळतात. तिथली डिसेंबरची दुपार उबदार असते खरी, पण सावलीतल्या खोलीत ती या रोपाला सोसते आणि रात्र हवी तितकी गार असते. ज्या गारव्यासाठी परदेशातल्या ग्रीनहाउसमध्ये यंत्रं चालवावी लागतात, तो आपल्याला फुकट मिळतो.

सांगलीचा उन्हाळा मात्र कठीण आहे, तिथे तुमचं बरोबर. चाळिशीच्या घरात पारा गेला की या रोपाकडून फुलांची अपेक्षा ठेवू नये, नुसतं जगवावं. उत्तरेची खिडकी, भोवती दमटपणा, पाणी सकाळी. आणि कळ्या असताना पिकत घातलेल्या आंब्यांच्या किंवा केळ्यांच्या खोलीत ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने कळ्या पिवळ्या पडून गळतात.

रोज पाणी घातलंत असं तुम्ही लिहिलंय, तिथे मी थांबले. इंडोनेशिया, फिलिपाइन्सच्या जंगलात हे रोप झाडाच्या सालीला धरून वाढतं. मुळ्या हवेत असतात, पावसात भिजतात आणि लगेच सुकतात. त्यांच्यावर स्पंजसारखं आवरण असतं : कोरडं असलं की चंदेरी, भिजलं की हिरवं. मुळ्या चंदेरी दिसल्या की पाणी, हिरव्या असेपर्यंत नाही. कॅलेंडर बघायची गरज नाही, म्हणून तर पारदर्शक कुंडी घ्यायची. कुंडीत माती अजिबात नको; नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा, विटांचे बारीक तुकडे एवढंच. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचलं तर कापसाने टिपून घ्या, नाहीतर गाभाच कुजतो आणि मग रोप वाचणं अवघड. बोअरचं जड पाणी असेल तर मुळ्यांवर पांढरे क्षार चढतात. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. द्राक्षवाल्यांकडचं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) चालतं, पण लिटरला अर्धा ग्रॅम, आणि अधूनमधून नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढायची.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. झाडावरची आमरी फुकट नसते, ताई. ती जंगलातून ओरबाडून काढावी लागते. कास पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, आणि तिथल्या वाटेवरच्या झाडांवरून कुणी सीतेची वेणी ही आमरी ओढून काढताना पाहिलं की माझा जीव तुटतो. ऑर्किडच्या बियांत पोषण साठवलेलं नसतं. रुजायला विशिष्ट बुरशीची साथ लागते. एक मोठं रोप गेलं की तिथे दुसरं उगवेलच असं नाही. घरी आणलेलं बहुतेकदा मरतंच. बाजारातली फॅलेनॉप्सिस प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने, म्हणजे रोपाच्या बारीक तुकड्यापासून, वाढवलेली असते, तिच्यासाठी कुठलंही झाड ओरबाडावं लागत नाही. आपली आमरी हवीच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेली घ्या, आणि ती रोपवाटिकेतच वाढवली आहे ना, हे विचारून घ्या.

तुमचं जुनं रोप अजून असेल तर फेकू नका. कुंडीतून काढा, मऊ आणि पोकळ झालेल्या मुळ्या स्वच्छ कात्रीने कापा, कापल्या जागी दालचिनीची पूड लावा. दोन टणक पानं आणि एखादी घट्ट मुळी शिल्लक असली तरी आशा आहे. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर ती पिठ्या ढेकूण ही कीड, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. दांडा सुकला असेल तर बुडाशी कापा. हिरवा असेल आणि रोप सशक्त असेल, तर खालून तिसऱ्या डोळ्याच्या (दांड्यावरच्या गाठीच्या) वर कापा, तिथूनच नवी फांदी येऊ शकते. रोप अशक्त असेल तर मात्र हिरवा दांडाही काढून टाका आणि यंदा फक्त मुळ्या वाढू द्या. पानांचा आणि मुळ्यांचा फोटो पाठवलात तर या दोन्हींतलं कुठलं करायचं ते सांगते.