‘एसी लावला की गाडी बंद पडते’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

एक स्टार आणि चार तक्रारी: दुपारी एसी लावला की गाडी सिग्नलवर बंद पडते, उन्हात पिकअप राहत नाही, अ‍ॅव्हरेज घसरलं, आणि आम्ही इंजिनचा कॉम्प्युटर लॉक करून ठेवला. तुम्ही इथं लिहिलंत म्हणून उत्तरही इथंच देतो. नागपुरात तुमच्यासारख्या टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारं यंत्र) आणि बाहेरचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) लावलेल्या गाड्या वाढताहेत, इतरांच्याही कामी येईल.

आधी बंद पडण्याचं बघू, कारण ते गंभीर आहे. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला लॉग (कॉम्प्युटरनं नोंदवलेले सेन्सरचे आकडे) मी पूर्ण पाहिला. रेडिएटरचा पंखा सुरू होतो त्याच क्षणी कूलंटचं तापमान 91 वरून 81 वर येतं आणि पंखा थांबला की पुन्हा 91. इंजिनातलं पाणी एवढ्या झटक्यात थंड होत नसतं. त्याच वेळी थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) शून्यावरून 3 टक्के दाखवतं, तुमचा पाय तर पेडलवर नाही. दोन-तीन सेन्सर एकदमच चुकीचं दाखवू लागले की सेन्सर बदलत बसायचं नाही, त्यांची अर्थ (मायनसची वायर) तपासायची.

सेन्सरच्या अर्थची वायर फक्त कॉम्प्युटरलाच जायला हवी. आमच्याकडून गाडी नेल्यावर तुम्ही दुसरीकडे जास्तीचा पंखा लावून घेतला. फोटोत त्याची काळी वायर सेन्सरच्या अर्थला जोडून, खालचा रंग न खरवडता बॉडीच्या बोल्टला आवळलेली दिसते. पंख्याचा करंट तिथून गेला की त्या जागी शून्य व्होल्ट राहत नाही. सेन्सरचे आकडे सरकतात, कॉम्प्युटरला इंजिन थंड वाटतं, तो पेट्रोल वाढवतो. थ्रॉटल उघडलंय असं समजून आयडल (पेडल न दाबता इंजिन सुरू राहणं) सांभाळणंही सोडतो. गाडी गुदमरून बंद पडते. मॅपमध्ये (कॉम्प्युटरमधल्या सेटिंगमध्ये) पेट्रोल कमी करून हा दोष झाकता येईल, पण मग पंखा बंद असताना मिक्श्चर लीन होईल, म्हणजे पेट्रोल कमी पडेल. असं काम आम्ही करत नाही.

पिकअप मात्र आम्ही मुद्दाम कमी ठेवलाय. मे महिन्यात इथं पारा 45 च्या पुढे जातो. वर्धा रोडच्या गर्दीत इंटरकूलरमधून (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) निघालेली हवाही 60 अंशांच्या आसपास असते. एवढ्या गरम हवेवर टायमिंग पुढं ठेवलं, म्हणजे ठिणगी लवकर पाडली, तर ज्योत पोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, नॉकिंग होतं आणि पिस्टन रिंगांच्या जागी तुटतो. म्हणून 50 अंशांनंतर टायमिंग मागे घेतलंय. डिसेंबरच्या सकाळी हीच गाडी पूर्ण ताकदीनं ओढेल. ही सेटिंग मी कोणाच्याही सांगण्यावरून काढणार नाही.

अ‍ॅव्हरेजचं थोडक्यात. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला 14.7 किलो हवा लागते, या पेट्रोलला साधारण 13.5 किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त. त्यात वर सांगितलेला अर्थचा दोषही पेट्रोल पितोय.

लॉकचा आरोप खरा नाही. कॉम्प्युटरला पासवर्ड नाही आणि मॅपची फाईल डिलिव्हरीच्या दिवशीच तुमच्या पेनड्राइव्हवर दिली आहे. दुसऱ्या कोणत्याही ट्यूनरला खुशाल दाखवा.

घरी एक तपासणी करून बघा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सेन्सरच्या अर्थला लावा आणि इंजिन सुरू ठेवून एसी लावा. पंखा फिरताच आकडा उडी मारत असेल तर दोष तोच. मग सकाळी इंजिन गार असताना गाडी घेऊन या. पंख्याची अर्थ वेगळी काढून सरळ बॅटरीला देऊ, तपासणीचे पैसे घेणार नाही.

तोवर दुपारी टर्बोवर जोर देऊ नका, ही कळकळीची विनंती. लॉगमध्ये हवेचं तापमानही पंख्यासोबत 62 वरून 58 वर येतंय. म्हणजे हवा खरी गरम असताना कॉम्प्युटर टायमिंग हवं तेवढं मागे घेत नाहीये. आज फरक 4 अंशांचा आहे, बोल्ट गंजत गेला तर तो वाढेल.