'एका डॉलरची चिप दोनशेला' : हा हिशेब कुठे चुकतो

सध्या एक दावा सगळीकडे फिरतो आहे. प्रोसेसरमधल्या सिलिकॉनच्या तुकड्याला जेमतेम एक डॉलर लागतो, तरी विमानं, उपग्रह, वैद्यकीय यंत्रं यांच्यासाठीचे खास प्रोसेसर शेकडो-हजारो डॉलरना विकतात. डिझाइन तर जुनंपुराणं. म्हणजे ही निव्वळ लूट. खर्चावर ठराविक टक्के नफा लावून भाव ठरवायला हवा, असं त्यात म्हटलं आहे. यातला पहिला आकडा खरा आहे. पुढची मांडणी टिकत नाही.

'तुकड्याचा खर्च एक डॉलर.' मान्य. 300 मिलिमीटरच्या वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या गोल चकतीवर, काठावरचे अर्धवट सोडून, 5 बाय 5 मिलिमीटरचे सुमारे 2,700 डाय, म्हणजे चिपचे तुकडे, बसतात. चौरस सेंटिमीटरमागे 0.1 दोष धरला तर 97 टक्के चांगले निघतात, म्हणजे 2,600. वेफर 3,000 डॉलरचा धरा. डाय सव्वा डॉलरच्या आत पडतो. पण डिझाइन, पडताळणी, मास्कचा (चिपची नक्षी छापायच्या साच्यांचा) संच आणि टेस्ट प्रोग्राम यांचा खर्च पहिली चिप हाती येण्याआधीच होऊन गेलेला असतो. तो 1 कोटी डॉलर धरू. 5 कोटी चिप खपल्या तर प्रत्येकीवर 20 सेंट बसतात, 50,000 खपल्या तर 200 डॉलर. सिलिकॉन दोन्हीकडे तेच.

'जास्त बनवा, भाव उतरेल.' खरी गल्लत इथे आहे. फाउंड्रीत, म्हणजे चिपच्या कारखान्यात, काम लॉटने चालतं आणि एका लॉटमध्ये साधारण 25 वेफर असतात. वरच्याच हिशेबाने एका लॉटमधून 65,000 चिप निघतात. वर्षाला 5,000 लागत असतील तर हा 13 वर्षांचा माल झाला! प्रोसेसर निम्म्या भावात मिळतो म्हणून कोणी दुप्पट विमानं बांधत नाही, तेव्हा मागणीही वाढत नाही. सगळ्या चिप एकदम पॅकेज करून (आवरण आणि धातूचे पाय लावून) ठेवल्या तर वर्षानुवर्षांत पॅकेजमध्ये ओलावा शिरतो, पायांवर ऑक्साइड चढतं आणि सोल्डर नीट धरत नाही. म्हणून वेफर नायट्रोजनच्या कपाटात ठेवतात आणि मागणी येईल तसं पॅकेजिंग करतात. यालाच डाय बँक म्हणतात. त्यात पैसा अडकतो. दोन वर्षांनी डिझाइनमध्ये चूक सापडली तर अख्खी बँक भंगारात जाऊ शकते. ही जोखीम भावात धरावीच लागते.

'जुनं डिझाइन स्वस्तच हवं.' याला अंतराळयानांसाठीच्या रॅड 750 या प्रोसेसरचा दाखला दिला जातो: 1997 च्या पॉवरपीसी 750 या साध्या प्रोसेसरवर बेतलेला, 110 ते 200 मेगाहर्ट्झचा. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या मंगळावरच्या गाड्या तोच वापरतात. दोन-तीन लाख डॉलरचा जो आकडा सांगतात, तो एकट्या चिपचा नव्हे, अख्ख्या बोर्डाचा. शिवाय तिथे पैसे वेगाचे नसतातच, ते किरणोत्सर्गात तगून राहण्याचे असतात. साध्या जुन्या चिपचंही तसंच. तिची फॅब लाइन (कारखान्यातली उत्पादनाची रांग) बंद झाली की नव्या प्रोसेसवर आणायला नवे मास्क लागतात आणि सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात.

'डाय तोच, फक्त शिक्का वेगळा.' असं कधी कधी झालंही आहे. इंटेलच्या सुरुवातीच्या 486एसएक्स प्रोसेसरमध्ये फ्लोटिंग पॉइंट युनिट (अपूर्णांकांचं गणित करणारा भाग) असूनही बंद केलेलं होतं. पण खास प्रोसेसरवरच्या शिक्क्यामागे चाचणी असते. व्यावसायिक श्रेणी 0 ते 70 अंश सेल्सिअसची, औद्योगिक उणे 40 ते 85 ची, लष्करी उणे 55 ते 125 ची. टेस्टरचा, म्हणजे चिप तपासणाऱ्या यंत्राचा, सेकंद 5 सेंटचा धरा. तीन तापमानांना 20-20 सेकंद लागले की 3 डॉलर झाले, डायच्या अडीचपट. लष्करी दर्जासाठी त्यावर 125 अंशांना 160 तासांचं बर्न-इन, म्हणजे चिप तापवून चालवत ठेवणं. मोटारींमधल्या चिपसाठीच्या एईसी-क्यू100 या कसोटीत तीन लॉटमधल्या प्रत्येकी 77 चिप 1,000 तास तापत्या चालवतात आणि त्यांतली एकही बिघडलेली चालत नाही.

'खर्च अधिक ठराविक नफा.' ऐकायला न्याय्य वाटतं, पण छोट्या बाजारात हे सूत्र चिपचा जीव घेतं. खप थोडा घटला की स्थिर खर्च कमी चिपांवर बसतो, सूत्र भाव वाढवायला सांगतं, दोन ग्राहक दुसरी चिप निवडतात आणि खप आणखी घटतो. म्हणून जाणकार विक्रेता ग्राहकाला चिप बदलायला काय पडेल ते पाहतो: नवा बोर्ड, सॉफ्टवेअरचं पुन्हा प्रमाणन, वर्ष-दीड वर्षाचा उशीर. हे सगळं 10 लाख डॉलरचं असेल आणि चिप 5,000 लागणार असतील, तर चिपमागे 200 डॉलर जादा ही कमाल मर्यादा. भाव तिच्या बराच खाली ठेवावा लागतो, नाहीतर पुढच्या डिझाइनमध्ये ती चिप नसते. आणि घेणाऱ्याने डिस्ट्रिब्युटरच्या एका नगाच्या भावावर घासाघीस करण्यापेक्षा तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: 1,000 नगांचा भाव, ऑर्डर रद्द करण्याच्या अटी आणि उत्पादन बंद होण्याआधी शेवटच्या खरेदीसाठी मिळणारी मुदत.