बेल्ट जितका ताठ तितका चांगला, हे चुकीचं आहे

नाशिकच्या बायकवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: बेल्टवर चालणाऱ्या मोटरसायकलला देखभालच नसते, अ‍ॅक्टिव्हाचा बेल्ट कोणी सेट करतं का? तरीही लूज वाटला तर दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे फिरवा, चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा जुळवा आणि अंगठ्याने दबेनासा होईपर्यंत बेल्ट ताणा, पिकअप सुधारतो. बेल्ट मधोमध चालतोय का हे बघायला गाडी स्टँडवर घेऊन पहिल्या गिअरमध्ये चालू ठेवा. आवाज आला तर चेनचा स्प्रे मारा. पाच मिनिटांचं काम, सर्व्हिस सेंटरला पैसे कशाला द्यायचे?

मी अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. दातेरी बेल्ट ताणणं, पुल्या एका रेषेत आणणं हे रोजचंच. स्वतःच्या गाडीला स्वतः पाना लावणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच हे लिहितोय. या मेसेजमधला जवळजवळ प्रत्येक सल्ला गाडीचं नुकसान करणारा आहे आणि एक तर बोटं घालवणारा आहे.

आधी अ‍ॅक्टिव्हाची तुलना. स्कूटरच्या कव्हरखाली असतो तो व्ही-बेल्ट. तो कडांच्या घर्षणावर शक्ती वाहून नेतो. त्याच्या आतल्या बाजूला खाचा दिसतात, पण त्या बेल्ट सहज वाकावा म्हणून असतात. मागच्या पुलीतली स्प्रिंग त्याला सतत दाबून धरते आणि ढील स्वतःच भरून काढते. म्हणून तिथे सेटिंग नसतं, झिजला की बदलायचा एवढंच. मोटरसायकलच्या मागच्या चाकाकडे जाणारा बेल्ट दातेरी असतो. पुढची पुली गिअरबॉक्सला, मागची चाकाला, आणि मधे ढील खाणारी स्प्रिंग कुठेच नाही. एक्सल, म्हणजे मागच्या चाकाचा दांडा, जिथे बसवाल तिथे ताण ठरतो. दोन्हींना आपण बेल्टच म्हणतो, पण एकाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही.

‘देखभाल नाही’ यात अर्धं खरं आहे आणि तेही सांगायला हवं. या बेल्टच्या पोटात अ‍ॅरामिड किंवा कार्बन तंतूंच्या दोऱ्या असतात, त्या फार कमी लांबतात. चेनसारखं दर काही दिवसांनी तेल घालावं लागत नाही. ब्यूएल या अमेरिकन कंपनीच्या एक्सबी मोटरसायकलींत तर एक्सलची जागा पक्की होती, बेल्टखाली जादा पुली होती आणि मालकाला ताण बदलायची सोयच ठेवलेली नव्हती. पण त्या गाडीची रचनाच वेगळी. आपल्याकडे सेकंडहँड बाजारात दिसणाऱ्या हार्ले स्ट्रीट 750 किंवा स्पोर्टस्टरला अ‍ॅडजस्टर दिलेत ते वापरण्यासाठीच. हार्लेच्या बहुतेक बेल्टवाल्या गाड्यांच्या वेळापत्रकात पहिल्या 1,600 किलोमीटरला आणि पुढे दर 8,000 किलोमीटरला बेल्ट आणि पुल्या तपासायला सांगितलंय. पहिली तपासणी लवकर असते कारण नवा बेल्ट सुरुवातीला दात्यांत नीट बसतो आणि ताण थोडा उतरतो. जाता जाता: 2023 मध्ये आलेल्या हार्लेच्याच एक्स 440 ला चेन आहे. तिच्या मालकांनी हा मेसेज तर सोडाच, माझा लेखही गाडीला लावू नये.

आता मुख्य मुद्दा, ताठ बेल्टचा.

दातेरी बेल्टला घसरू नये म्हणून आवळायची गरजच नसते. शक्ती दात्याकडून दात्याकडे जाते. ताण फक्त एवढा हवा की जोर आल्यावर बेल्ट पुलीच्या दात्यांवरून चढून पुढे उडी मारू नये. त्यापलीकडे आवळलेला प्रत्येक मिलिमीटर सरळ बेअरिंगवर जातो: पुढे गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागे चाकाच्या बेअरिंगवर. गिअरबॉक्सचं बेअरिंग बदलायला केवढं काम निघतं ते कोणत्याही मेकॅनिकला विचारा. पिकअप सुधारल्यासारखा वाटतो तो थ्रॉटल उघडताना जाणवणारा मधला किंचित मोकळेपणा गेल्यामुळे. इंजिनची ताकद त्याने कणभरही वाढत नाही. उलट घट्ट बेल्ट फिरवण्यात थोडी वायाच जाते.

दुसरं कारण सस्पेन्शनचं. चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, ज्या बिंदूभोवती हलतो तो बिंदू आणि पुढच्या पुलीचं केंद्र बहुतेक गाड्यांत एका जागी नसतात. त्यामुळे चाक वरखाली झालं की दोन पुल्यांमधलं अंतर बदलतं. पुढची पुली, चिमट्याचा बिंदू आणि एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की अंतर सर्वांत जास्त, म्हणजे बेल्ट सर्वांत ताठ. साइड स्टँडवर उभी असताना ज्या गाडीचा बेल्ट अंगठ्याने दबत नाही, ती गाडी दोन माणसं आणि सामान घेऊन त्र्यंबक रस्त्यावरच्या खड्ड्यात आदळली की काय होईल याचा विचार करा. बेल्टमधल्या दोऱ्या लांबत नाहीत, ही तिथे त्यांची कमजोरी ठरते. तो धक्का कुठेतरी जिरायलाच हवा आणि तो बेअरिंगमध्ये किंवा दोऱ्यांमध्ये जिरतो. तुटलेली दोरी बाहेरून दिसतही नाही.

फार ढिला बेल्टही वाईटच. कसारा घाट उतरताना थ्रॉटल बंद करून इंजिनवर गाडी रोखता, तेव्हा एरवी सैल असणारी बेल्टची खालची बाजू ताणली जाते आणि वरची सैल पडते. बेल्ट फार ढिला असेल तर असा भार उलटताना हिसका बसतो आणि दाते उडी मारू शकतात. एकदा उडी मारलेल्या बेल्टवर भरवसा ठेवू नये. म्हणूनच ताणाला खालची आणि वरची अशी दोन्हीकडची मर्यादा दिलेली असते.

अंगठ्याचं माप का चालत नाही? कारण प्रत्येकाच्या अंगठ्याचा जोर वेगळा. हार्लेच्या मॅन्युअलची पद्धत सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, बेल्ट थंड. खालच्या बाजूच्या मधोमध 10 पौंड, म्हणजे साधारण 4.5 किलो जोर लावायचा आणि बेल्ट किती मिमी सरकला ते मोजायचं. काही मॉडेलांना 8 ते 10 मिमीच्या आसपास लागतं, काहींना त्याहून बरंच जास्त. त्यामुळे मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. गाडी साइड स्टँडवर हवी की सरळ उभी, वर माणूस बसलेला हवा की नको, हेही त्या आकड्यासोबत दिलेलं असतं आणि तितकंच महत्त्वाचं असतं. यासाठीचं गेज म्हणजे स्प्रिंग असलेली दांडी. ते नसेल तर स्प्रिंगचा वजनकाटा आणि एक रुंद पट्टा घेऊन बेल्ट खाली ओढा, शेजारी फुटपट्टी धरा. पट्टा रुंदच हवा, वजनकाट्याच्या हुकाचं टोक बेल्टला लावू नका. मग चाक थोडं फिरवून पुन्हा मोजा, असं चार-पाच ठिकाणी करा. पुली किंचित जरी लंबगोल फिरत असेल तरी माप बदलतं. सेटिंग सर्वांत घट्ट जागेवर धरायचं, सरासरीवर नाही.

काही जण बेल्टला टिचकी मारून त्याचा सूर, म्हणजे कंपनांचा वेग, मोबाइलवर मोजतात. पद्धत शास्त्रीय आहे, कारखान्यात आम्हीही वापरतो. पण ताण हा सुराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सूर दहा टक्के चुकला तर ताण वीस टक्क्यांच्या आसपास चुकतो. तुमच्या मॉडेलसाठी दिलेला आकडा हाताशी नसेल तर नुसता सूर ऐकून काही ठरवता येत नाही.

खुणा जुळल्या म्हणजे अलाइनमेंट झालं, चाक सरळ बसलं, हा समज चेनच्या गाड्यांपासून चालत आलाय. चेन थोडं वाकडेपण सहन करते, रुंद बेल्ट करत नाही. चिमट्यावरच्या खुणा ठोकळ असतात आणि एका बाजूचा अ‍ॅडजस्टर जरा झिजला असेल तर ‘दोन्हीकडे सारखे आटे’ या सूत्राला अर्थ राहत नाही. खरी कसोटी एकच: चिमट्याच्या बिंदूच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं हवं. त्यासाठी हार्लेच्या मॅन्युअलमध्येच घरी करायचं हत्यार सुचवलंय. वेल्डिंगची सरळ सळई घ्या, तिचं एक टोक काटकोनात वाकवा आणि तिच्यावर सरकणारी रबरी चकती चढवा. एका बाजूला टोक बिंदूवर टेकवून चकती एक्सलच्या मध्यावर आणा आणि तीच सळई तशीच दुसऱ्या बाजूला लावा. चकती तिथेही मध्यावर आली तर एक्सल सरळ आहे. सातपूरच्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात अशी सळई मिळते आणि माप कोणत्याही खुणेपेक्षा खात्रीचं.

त्यानंतर बेल्ट मागच्या पुलीवर कसा चालतो ते बघायचं. तो अगदी मधोमधच चालला पाहिजे असं नाही. दातेरी बेल्ट दोऱ्यांच्या पिळामुळे थोडा एका बाजूला सरकतोच, कडेला हलका टेकला तर चालतं. कडेवर दाबून घासत असेल, कडा तासल्यासारखी दिसत असेल, पुलीजवळ काळी भुकटी साचत असेल तर एक्सल पुन्हा मोजा.

हे बघायला इंजिन चालू ठेवायचा सल्ला ज्याने दिला त्याने तो मागे घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. बेल्ट आणि पुली यांच्यामध्ये बोट किंवा फडकं गेलं तर ते बाहेर काढायला वेळ मिळत नाही. इंजिन बंद, किल्ली काढलेली, गिअर न्यूट्रल, चाक हाताने फिरवा. रिव्होल्ट आरव्ही 400 सारख्या इलेक्ट्रिक बेल्टवाल्या गाडीबाबत तर दुप्पट सावध राहा. ती आवाज न करता चालू असते आणि थ्रॉटलला नुसता धक्का लागला तरी चाक फिरतं.

स्प्रेबद्दल थोडक्यात. बेल्टला तेल, ग्रीस, चेन ल्युब काहीही लावायचं नाही. त्यावर माती आणि खडी चिकटते. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी, पिंपळगावकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकांतून चिखल पडतो. त्यातली रेती तेलकट बेल्टवर बसली की दाते आणि पुली दोन्ही घासायला लागते. आवाज येत असेल तर आधी सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा आणि वाळू द्या. तरी राहिला तर ताण आणि अलाइनमेंट तपासा. धुताना बेल्ट नीट न्याहाळता येतो, ते जास्त मोलाचं. दात्याच्या आतल्या बाजूला केसासारख्या चिरा असतील तर लक्ष ठेवून चालवता येतं. चिरा बाहेरून दिसत असतील, दाता गेला असेल, दाते हुकासारखे वाकडे झिजले असतील किंवा खडीने कडेला छेद गेला असेल तर बेल्ट बदलायचाच. नवा बेल्ट दुमडून, पिळून किंवा उलटा वाकवून ठेवू नका आणि चढवताना टायर लिव्हरने ढकलू नका. दोऱ्या तिथेच मोडतात.

राहिली ती पाच मिनिटं. एक्सलचा नट सैल केला, ताण आणि सरळपणा जुळवला, की नट पुन्हा टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच, आवळायचा. हार्लेच्या बऱ्याच मॉडेलांना 129 ते 142 न्यूटन-मीटर लागतात, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. नट आवळताना एक्सल किंचित सरकतो, म्हणून ताण आणि सळईचं माप दोन्ही परत घ्यायचं आणि बदललं असेल तर पुन्हा सैल करायचं. नटची पिन किंवा क्लिप बसवा. चाक हलल्याने मागच्या डिस्कचे पॅड मागे गेलेले असू शकतात, म्हणून गाडी स्टँडवरून काढण्याआधी ब्रेकचं पेडल कडक लागेपर्यंत दाबा.