हरकत नसल्यास

अठरा तारखेला सकाळी साडेनऊ वाजता चहाचा दुसरा कप घेऊन मी मेल उघडायला बसले, तर मेलच्या पानावर एक दाढीवाला तरुण हसत होता आणि मला रमी खेळायला बोलावत होता. पहिल्या डावाला शंभर रुपये फुकट.

अठरा तारीख म्हणजे काय, हे जीएसटीच्या वाटेला न गेलेल्या माणसाला सांगून कळायचं नाही. वीस तारखेला थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न, भरायची मुदत संपते. आणि व्यापारी हा प्राणी असा, की वीसचं काम तो एकोणीसच्या रात्री आठ वाजता नायलॉनच्या पिशवीतून आणतो आणि वर म्हणतो, "वैनी, तुम्ही आहात म्हटल्यावर आम्हाला काय काळजी!" सांगलीत मी गेली वीस वर्षं अशा काळज्या वाहते आहे. मार्केट यार्डातले हळदवाले, तासगावचे बेदाणेवाले, दोन पेंटवाले आणि एक बँडवाला, अशी माझी गिऱ्हाइकं. या सगळ्यांचे कागद माझ्या ज्या मेलवर येतात, तो पत्ता आमच्या इंटरनेटवाल्याच्या नावाचा. २००४ साली कनेक्शनबरोबर फुकट मिळाला होता. फुकट मिळालेली वस्तू टाकायची नाही या घराण्याच्या शिस्तीप्रमाणे मी तो पत्ता दारावरच्या पाटीवर रंगवून घेतला, पाचशे कार्डांवर छापून घेतला आणि निम्म्या मार्केट यार्डाच्या जीएसटी नोंदणीत घातला.

मी पान बंद करून परत उघडलं. रमी. मोबाइलवर उघडलं. तिथंही रमी, फक्त दाढी जरा बारीक.

"नेट गेलंय," मी जाहीर केलं.

"नेट तर चालू आहे," आमचे हे म्हणाले. ते शेअर बाजार बघत होते. आतल्या खोलीत सासूबाईंची मालिका चालू होती आणि त्यातली थोरली सून न अडखळता कारस्थान करत होती. मी राउटरपाशी जाऊन पाहिलं. दिवे सगळे हिरवेगार. घरात फक्त मलाच काहीतरी झालं आहे, अशा नजरेनं तिघांनी माझ्याकडे पाहिलं. तिघांनी म्हणजे राउटर धरून.

इंटरनेटवाल्याला फोन लावला. हा पूर्वी केबलवाला होता, अजूनही त्याच्या ऑफिसात टेबलाखाली केबलची वेटोळी असतात. फोन उचलणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमची लाइन ओके दाखवतीय." मी म्हटलं, लाइन ओके आहे, पण तुमच्या नावाच्या जागी रमी आहे. ती म्हणाली, "तक्रार मेलवर टाका ना." मी विचारलं, कुठल्या मेलवर? तिनं त्यांचाच पत्ता सांगितला. मी तिला शांतपणे समजावलं की तो पत्ताच तर गेलाय. थोडा वेळ काहीच आवाज आला नाही आणि मग तिनं फोन ठेवला.

दुपारी संतोष आला. संतोष म्हणजे त्यांचा वायर ओढणारा पोरगा. अख्ख्या कंपनीत खरं बोलणारा हा एकटाच, कारण त्याला खोटं काय बोलायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. जिन्यातच म्हणाला, "काकू, नाव चोरीला गेलंय आपलं."

"म्हणजे?"

"वायरी आहेत. मशीन आहे. आमी पण हाय. फक्त नाव न्हाई."

मी पुण्याला भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीला असल्याच कामात आहे. इतर वेळी 'मावशी, मीटिंगमध्ये आहे' म्हणून फोन कापणारा पोरगा त्या दिवशी पाऊण तास बोलला. दुसऱ्याच्या घरी आग लागली की इंजिनिअर माणूस फार मनमोकळं बोलतो.

तो म्हणाला, मावशी, कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, नंबर कळतात. तू नाव टाईप करतेस, मग तुझं मशीन एका नोंदवहीत विचारतं, की या नावाचा नंबर काय. त्या वहीला म्हणायचं डीएनएस. आणि नाव कुणाच्या मालकीचं, ही नोंद ठेवणाऱ्या कंपन्या वेगळ्याच असतात. तुमच्या केबलवाल्याच्या त्या खात्याचा पासवर्ड कुणीतरी काढून घेतला, मालकाच्या जागी स्वतःचं नाव लावलं आणि नंबर बदलून टाकला. पासवर्ड परत मिळवायचा तर त्याची मेल कुठल्या पत्त्यावर येणार? जो चोरीला गेला त्याच पत्त्यावर.

"कपाटाची किल्ली कपाटात," मी म्हटलं.

"आणि कपाट चोराच्या घरी," तो म्हणाला.

मग माझं सांत्वन म्हणून त्यानं न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. तिथं पॅनिक्स नावाची इंटरनेट कंपनी आहे, १९८९ सालची, त्या शहरातली या धंद्यातली सगळ्यात जुनी. १५ जानेवारी २००५ ला, शनिवारी, लोक उठले तर कंपनीचं नाव गायब. मालकी गेली ऑस्ट्रेलियातल्या एका नोंदणी कंपनीच्या वहीत, डीएनएसची नोंद इंग्लंडात आणि गिऱ्हाइकांची मेल कॅनडात. एका नावाची तीन देशांत वाटणी! आमच्याकडे भावकीत सुद्धा इतकी लांब वाटणी झालेली मी पाहिली नाही. पॅनिक्सवाले हात जोडून सांगत होते, मेलबर्नला फोन करत होते, पण मेलबर्नची कचेरी शनिवार-रविवार बंद. तिकडे सोमवार सकाळ उजाडली, म्हणजे न्यूयॉर्कात रविवारची संध्याकाळ झाली, तेव्हा कुणीतरी दार उघडलं आणि नाव परत मिळालं. तोवर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं की 'डॉट कॉम'च्या जागी 'डॉट नेट' लिहा आणि दिवस काढा. शनिवारी कचेरी बंद म्हणून काम अडतं ते फक्त सांगलीत, असा माझा इतके दिवस समज होता.

"पण एवढं नाव दुसऱ्याच्या नावावर करतात तेव्हा विचारत नाहीत का कुणाला?"

"विचारायचं असतं," भाचा म्हणाला. "पण त्या मेलबर्नवाल्यांचा मधला एजंट मालकाची परवानगी घ्यायचीच विसरला. आणि त्याच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर २००४ मध्ये, नवा नियम आला होता. नाव दुसरीकडे न्यायची मागणी आली आणि जुन्या नोंदणीवाल्यानं पाच दिवसांत हरकत घेतली नाही, तर बदल मंजूर."

हे ऐकलं आणि मी खुर्चीत नीट बसले. कारण आता तो माझ्या विषयावर आला होता.

हरकत नसल्यास मंजूर! अरे, हा तर फेरफार. सातबारावर नाव चढवायचं तर तलाठी नोंद धरतो, नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतीला देतो आणि कुणी बोललं नाही की नोंद मंजूर. आमच्या मामंजींच्या वाळव्याच्या दीड एकरावर चुलत दिराचं नाव असंच चढलं. मामंजी आषाढीच्या वारीला गेले होते. नोटीस घरी आली होती, पण कागद टाकायचा नाही म्हणून सासूबाईंनी ती पोळपाटाखाली नीट घडी करून ठेवली. पोळपाट हलायचा थांबला एवढाच त्या नोटिशीचा उपयोग झाला. मामंजी पंढरपूरहून आले तेव्हा विठ्ठल भेटला होता आणि दीड एकर गेलं होतं. मग प्रांताकडे सहा वर्षं. त्या मानानं न्यूयॉर्कवाल्यांचं दोन दिवसांत सुटलं, म्हणजे त्यांना प्रांत बरा भेटला म्हणायचा.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, मावशी, तुला डीएनएस माझ्या टीममधल्या निम्म्या पोरांपेक्षा जास्त कळलंय. पण आता फोन ठेव आणि सगळीकडचा मेल-पत्ता बदल, कारण तुझी नवी मेल सध्या चोराच्या दारात पडते आहे.

इथून खरं मरण सुरू झालं.

मी बहुतेक गिऱ्हाइकांच्या नोंदणीत मोबाइल त्यांचा आणि मेल माझा घातलेला आहे. रिटर्न भरताना ओटीपी दोन्हीकडे जातो, मी आपला मेलवरून उचलते, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. आता मेल बंद म्हणजे प्रत्येकाला फोन करून ओटीपी मागायचा. हळदवाल्या अण्णांना फोन लावला.

"अण्णा, आत्ता मोबाइलवर सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा."

पलीकडे शांतता. मागे हमालांचा आरडाओरडा.

"वैनी, ओटीपी कुणाला सांगायचा न्हाई."

"मला सांगा. मी बोलतेय."

"तुमी बोलताय कशावरनं? रिझर्व्ह बँकेच्या जाहिरातीत अमिताभ सांगतोय, कुणी किती बी ओळखीचं बोललं तरी द्यायचा न्हाई."

अण्णांची वीस वर्षांची खातेवही मला तोंडपाठ आहे. त्यांच्या कुठल्या पेवात किती हळद आहे हे त्यांच्या मुलाला माहीत नसेल, मला माहीत आहे. पण अमिताभपुढे माझं काय चालणार! शेवटी ते स्वतः मोटारसायकलवर आले, ओटीपी कागदावर लिहून आणला होता, आणि तो दाखवताना सुद्धा अर्धा हात वर आडवा धरला होता. तोवर ओटीपीची मुदत संपली होती. पुन्हा मागवला. या वेळी मोबाइल दुकानात राहिला होता.

बेदाणेवाल्यांना मी फोन केलाच नाही. थेट तासगावला गेले, एसटीनं.

संध्याकाळी एक नवीनच भानगड. समोरच्या देशपांड्यांकडे मेलचं पान व्यवस्थित उघडत होतं. माझ्याकडे रमी, त्यांच्याकडे मेल, मधे फक्त साडेसहा फुटांचा जिना. देशपांडे काकांनी खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, की काही लोकांना कॉम्प्युटर वापरताच येत नाही. भाच्याचं म्हणणं, त्यांच्या मशीननं जुना नंबर लक्षात ठेवला आहे, तो विसरेपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता देशपांड्यांच्या मशीनला विस्मरण झालं. मी जिन्यात उभी होते. काही बोलले नाही, नुसती उभी होते.

त्याच दिवशी संतोष चिठ्ठ्या वाटत फिरत होता. वहीचं पान फाडून, निळ्या पेनानं लिहिलेलं: २०३.०.११३.१८. नावाच्या जागी हा नंबर टाका, म्हणजे जुनी मेल तरी दिसेल. नंबर टाकला तर स्क्रीन लालभडक. हे ठिकाण धोक्याचं आहे, परत फिरा, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत. काल रमीच्या पानानं किती हसून स्वागत केलं होतं, आणि आता स्वतःच्या मेलच्या दारात हा कुत्रा!

"तिकडं लक्ष देऊ नका," संतोष म्हणाला. "पुढं जा."

"अजिबात पुढे जाऊ नको," फोनवर भाचा म्हणाला.

मी गेले. वीस तारीख दुसऱ्या दिवशी होती. आत सगळं जागच्या जागी होतं, अठरा तारखेच्या पहाटेपर्यंतचं. त्यानंतरचं काही नाही. एखाद्या घरातलं घड्याळ बंद पडावं आणि भिंतीवरचं कॅलेंडर तसंच राहावं, तसं. त्याच रात्री आमचा महिन्याचा रिचार्ज संपत होता आणि रिचार्जचं पानही त्याच नावावर, म्हणून तो मी संतोषला रोख दिला. त्यानं खिशातल्या डायरीत 'काकू ६५०' लिहून घेतलं. फ्लॅट नंबर नाही, आडनाव नाही. एवढ्या सगळ्या प्रकरणात न चुकलेली ती एकच नोंद.

सासूबाईंना मात्र या चोरीचा फार आनंद झाला. "नाव चोरून करणार काय पण?" असं त्या रोज विचारायच्या आणि मग वाळव्याचा विषय काढायच्या. भाच्यानं त्यांना अमेरिकेतली आणखी एक गोष्ट सांगितली. २००८ च्या मे महिन्यात तिथल्या कॉमकास्ट या भल्यामोठ्या केबल कंपनीचं नाव दोन-तीन पोरांनी पळवलं. त्या पोरांचं नंतरचं म्हणणं असं, की आम्ही कंपनीच्या माणसाला घरी फोन करून सांगितलं होतं, तुमचं नाव आमच्या हातात आहे. त्यानं फोन ठेवून दिला.

"मग बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. "अनोळखी माणसाशी कशाला बोलायचं?"

पोळपाट मला आठवला, पण मी गप्प बसले.

थ्रीबी सगळ्या भरल्या. शेवटची बँडवाल्याची, वीस तारखेच्या रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. त्याचा ओटीपी त्यानं वरातीतून ओरडून सांगितला. मागे ट्रम्पेट वाजत होता, त्यामुळे 'सात' आणि 'साठ' यांत दोनदा घोळ झाला.

नाव बावीस तारखेला परत मिळालं. कसं, ते मालकानं कुणालाच सांगितलं नाही. संतोषच्या म्हणण्याप्रमाणे मालक दोन दिवस आधार कार्ड, जीएसटीचं प्रमाणपत्र आणि जुनी बिलं स्कॅन करून कुठंतरी पाठवत होते. आता म्हणे त्या नावाला कुलूप लावलंय, कुणी मागितलं तरी हलणार नाही. कुलपाचा पासवर्ड कुणाच्या मेलवर येतो, ते मी विचारलं. संतोष म्हणाला, "विचारून सांगतो."

तेवीसला रमीवाला गेला आणि माझ्या मेलमध्ये पहिली नवी मेल आली. इंटरनेटवाल्याचीच. 'प्रिय ग्राहक, तांत्रिक कारणामुळे आपली मेल सेवा बंद आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. अडचण आल्यास याच पत्त्यावर कळवावे.' खाली तारीख, अठरा.

पाटीवरचा पत्ता बदलायला पेंटरनं बाराशे सांगितले, म्हणून तो आहे तसाच आहे. संतोषची चिठ्ठी फ्रिजवरून काढायला गेले तर सासूबाईंनी हात धरला, कागद टाकायचा नाही. त्याच्यापुढेच त्यांनी आता दुधाचा हिशेब लिहायला घेतलाय. परवा गवळी आला आणि चिठ्ठीकडे बघतच राहिला. दोनशेतीन, शून्य, एकशेतेरा, अठरा आणि शेवटी दीड लिटर.

"वैनी," तो म्हणाला, "एवढं न्हाई घातलं मी."