फाशी झाली, मग अपील कशाला?

इंदूरच्या राजवाड्यापासून सुदामानगरपर्यंत, आपल्या सगळ्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "सेशन्स कोर्ट फाशी देतं, आरोपी अपील करतो, वकील खुसपटं काढतात आणि खुनी सुटतो. अपील बंद करा, महिन्याभरात फाशी द्या." इंदूर खंडपीठात फौजदारी वकिली करते, म्हणून गप्प बसवेना.

आरोपीने अपील केलं नाही, तरी फाशीचं प्रकरण हायकोर्टात जातंच. सेशन्स कोर्टच ते पाठवतं. तिथे शिक्षा कायम झाल्याशिवाय ती अमलात येत नाही आणि त्या आदेशावर किमान दोन न्यायमूर्तींच्या सह्या लागतात. दोघांचं जुळलं नाही तर तिसऱ्यांकडे.

आता 'खुसपटं'. पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदपत्रांचा संच, हातात आलं की मी आधी जप्तीचा पंचनामा काढते. रक्ताळलेला शर्ट कधी जप्त झाला? सील तिथेच लागलं की ठाण्यात? मालखान्यातून प्रयोगशाळेत कोण घेऊन गेलं, नोंद कुठे आहे? पुडकं मध्येच उघडलं गेलं असेल, तर डीएनएचा अहवाल कितीही छातीठोक असो, त्या शर्टावर रक्त आधीपासून होतं हे कशावरून?

घाईचं म्हणाल तर 2018 चं राजवाड्याजवळच्या चिमुकलीच्या बलात्कार-खुनाचं प्रकरण आठवा. गुन्ह्यानंतर महिन्याच्या आत फाशी सुनावली. तेव्हा मीही वाहवा केली होती. हायकोर्टाने शिक्षा कायम केली, पण 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. आरोपीला बचावाची पुरेशी संधीच मिळाली नव्हती. म्हणजे त्या बाळाच्या आईवडिलांना पाच वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं.

'सुटतो' हेही सरसकट खरं नाही. 2011 च्या इंदूरमधल्याच श्रीनगर वस्तीतल्या तिहेरी खुनात सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये तिन्ही आरोपींचा दोष कायमच ठेवला. फाशीच्या जागी जन्मठेप दिली, तीही किमान 25 वर्षांची.

वर्षानुवर्षं निकाल लागत नाहीत, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यावर भांडा, मी सोबत आहे.

काही जण सुटतात, तेही ऐका. नाशिक जिल्ह्यातल्या एका खटल्यात 2009 मध्ये खुद्द सुप्रीम कोर्टाने सहा जणांना फाशी ठोठावली. 2019 मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर 16 वर्षं तुरुंगात गेली होती. मेसेजवाल्यांचा महिना तेव्हा लागू असता, तर तो निकाल ऐकायला कोण उरलं असतं?