एका ‘सॉरी’चे दहा रुपये

मागच्या रविवारी कॅनडातून पुण्याला फोन केला, तेव्हा काकांनी घरातला नवा नियम सांगितला. ‘सॉरी’ म्हणणाऱ्याने डब्यात दहा रुपये टाकायचे. नातवंडांनी ‘माफ करा’ म्हणायचं, शुद्ध मराठीत. वर मला म्हणाले, “तुमच्याकडे उठसूट सॉरी म्हणतात, त्याला काही अर्थ तरी असतो का?” नंतर तासभर ड्राइव्हवेतला बर्फ काढत होतो, पण डोक्यात तेच.

मुळात ‘माफ’ अरबीतला, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. आज्या-पणज्यांनी वापरून तो आपला केला. मग सॉरीनेच काय घोडं मारलंय?

आणि सॉरी पोकळ तर अजिबात नाही. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे दुखणं, जखम. घसा दुखतो तेव्हाचा ‘सोअर’ तोच. त्यावरून ‘सारिग’, म्हणजे व्यथित, आणि त्याचा पुढे सॉरी झाला. म्हणजे सॉरी म्हणणारा मुळात काही मागतच नाही, मला वाईट वाटतंय एवढंच सांगतो. म्हणून तर कुणाचं माणूस गेलं तरी इथे सॉरी म्हणतात. आपला ‘क्षम्’ धातू सोसण्याचा. क्षमा करा म्हणजे तुम्ही सोसा. मला सॉरीच जास्त प्रामाणिक वाटतो.

नीट ऐकू आलं नाही की सूर चढवून सॉरी, ‘गो’ या इथल्या लोकल ट्रेनमध्ये दाराशी जायचं असेल तर सॉरी, दुसऱ्याचा बूट माझ्या पायावर पडला तरी आधी मीच सॉरी. ओंटारिओ प्रांतात 2009 पासून कायदाच आहे, की दिलगिरी व्यक्त केली म्हणून दिवाणी दाव्यात ती चुकीची कबुली धरायची नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने तो 2006 सालीच केला. त्यामुळे डॉक्टरही रुग्णाच्या घरच्यांना मोकळेपणाने सॉरी म्हणू शकतो. लक्ष्मी रोडवर धक्का मारून जाणारा मागे वळून तरी बघतो का?

हे सगळं काकांना ऐकवायचं ठरवलं होतं. शिवाय 11 जून 2008 ची गोष्टही. त्या दिवशी कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत, मूलनिवासींच्या मुलांना ज्यात ठेवलं जायचं त्या निवासी शाळांबद्दल, मूलनिवासींची माफी मागितली. त्या शाळांत मुलांची स्वतःची भाषा दडपली गेली होती. पण इथेच मी अडखळतो. हार्पर इंग्रजी-फ्रेंचवर थांबले नाहीत, क्री, अनिशिनाबे आणि इनुक्टिटुटमध्येही ते बोलले. ज्यांना दुखावलं, त्यांच्या भाषेत. काका तरी दुसरं काय म्हणतायत?

एक गोष्ट काकांना सांगितलेली नाही. डिसेंबरात घरी गेलो होतो. जेवायला खाली बसलो होतो आणि मांडी बदलताना वाढायला आलेल्या काकूला माझा पाय लागला. मी पटकन सॉरी म्हणालो. लहानपणी पाय लागला की हात आपोआप त्या माणसाला लागून कपाळाशी जायचा, पुस्तकाला लागला तरी. त्याला शब्द लागायचाच नाही, मराठी ना इंग्रजी. काकू क्षणभर थांबली, माझ्या हाताकडे पाहिलं. “असू दे रे,” म्हणाली आणि आमटीचं पातेलं घेऊन पुढच्या पानाकडे गेली. माझा हात मांडीवरच होता.